थांबून बघणारी वैशाली

फोनच्या पडद्यावर वैशालीचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखीच सुरुवात केली. "काय गं भवाने, आज कुणाची कंपनी बंद पाडलीस?" तिकडून उत्तर आलं नाही. मला वाटलं रेंज नसेल, म्हणून आणखी एक टोला हाणला. "स्वतःचा फोन नीट करता येईना आणि चालली लोकांची नेटवर्कं दुरुस्त करायला!" मग पुरुषाचा आवाज आला... "काकू, मी संतोष बोलतोय." संतोष म्हणजे तिचा नवरा. त्या भल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं, मला पुरतं बोलू दिलं आणि मग सांगितलं की सकाळी डबे भरता भरता वैशाली ओट्यापाशी खाली बसली, ती उठलीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशी नुकती ओलांडलेली बाई. मी सत्तरीच्या पुढची, गुडघे बदललेली, साखरवाली, मी इथे बसून हे लिहितेय आणि ती... आता काही आठवडे झाले. पहिल्या दिवसांत मी कुणाशी तिच्याबद्दल बोलू शकले नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे काय हे आमच्या घरच्यांना विचारा.

ती माझ्या नात्यातली नव्हती. लातूरकडची मुलगी, लग्न होऊन कासारवाडीला आलेली. चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांमधली संगणकांची जाळी सांभाळायचं तिचं काम होतं. आमची ओळख झाली ती आमच्या तळवड्याच्या कारखान्यात. कारखाना कसला, दोन पत्र्याच्या शेडी. एका शेडीत प्रेसवर गाड्यांचे छोटे छोटे भाग निघायचे, मधल्या मोकळ्या जागेपलीकडच्या दुसऱ्या शेडीत ऑफिस आणि माल पाठवायची जागा. दोन्हीकडे भिंतीवर लोखंडी कपाटात एकेक डबा, सगळ्या संगणकांच्या वायरी ज्यात येऊन मिळतात तो. त्याला स्विच म्हणतात हे मला तेव्हा नुकतंच कळलं होतं, आणि कळल्यापासून मी तो शब्द दिवसातून दहादा वापरत होते. या दोन डब्यांना जोडणारी काचेच्या तंतूची एक केबल होती, त्यातून वीज नव्हे तर उजेड धावतो. ती केबल चालली की मालाची लेबलं निघायची. ती गेली की लेबलं थांबायची, आणि लेबलाशिवाय आमचा टेम्पो चाकणच्या कंपनीवाले गेटवरून आत घेत नसत. दोनदा माल परत आला होता. तिसऱ्यांदा आला तर काम दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

ती लिंक पूर्ण बंद पडली असती तर परवडलं असतं. पण ती जायची आणि आपोआप यायची. तंत्रज्ञाला बोलवावं, तो येईपर्यंत सगळं सुरळीत. मी तेव्हा पन्नाशीच्या शेवटाला होते आणि स्वतःला त्या कारखान्याची सरसेनापती समजत होते. प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार असायचं. माझं ठाम म्हणणं होतं की आधीच्या कंत्राटदाराने मुद्दाम निकृष्ट वायर घातली आहे आणि त्याला फोडून काढलं की लिंक सुधारेल. आमचे हे म्हणायचे, पावसाचं पाणी शिरलं असणार. आमचे फोरमन पवारमामा, मावळातल्या जुन्या घरातले, म्हणायचे, "वयनी, मोठा प्रेस चालला का मगच ती मरती. म्या बगितलंय." त्यांना कुणी भाव दिला नाही. दोन तंत्रज्ञ येऊन गेले. त्यांनी ऑफिसातला डबा बदलला, वायरी बदलल्या, तिथलं सगळं एका झटक्यात नवं केलं. आठवडाभर चाललं आणि पुन्हा तेच. मग कुणीतरी वैशालीचं नाव सुचवलं.

ती स्कूटीवरून आली, पाठीवर सॅक, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. मी दारातच विचारलं, "तुझ्याबरोबर कुणी माणूस नाही आला का?" ती म्हणाली, "मी आलेय की काकू. मी पण माणूसच आहे." मला राग आला होता. आज तो प्रसंग आठवला की त्या पन्नाशीच्या सरसेनापतीच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. तिने आत येऊन कपाट उघडलंच नाही. आधी सगळ्यांना विचारत फिरली. "कधी जायलीय ते सांगा. आणि कधी जात नाही ते पण सांगा." मी म्हटलं, "ती गेलेली सांगता येईल, न गेलेली कशी सांगू?" तर म्हणाली, "तेच जास्त कामाचं असतंय काकू." पवारमामांचं प्रेसचं म्हणणं तिने दोनदा सांगायला लावलं. ही भानगड कधीपासून, असं विचारल्यावर कुणीतरी म्हणालं, दसऱ्याच्या आसपास. तिने मान हलवली, बस्स.

मग तिने जे केलं ते बघून मला वाटलं, ही तासावर पैसे घेत असणार. तिने ऑफिसकडच्या टोकाची, केबल आणि डबा जोडणारी एक छोटी पिवळी दोरी तेवढी बदलली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. लिंक गेली. तिने जुनी दोरी परत लावली. मग दोरी ज्यात खोचतात तो बोटाएवढा तुकडा काढून शेजारच्या खाचेत बसवला आणि पुन्हा बसून राहिली. पुन्हा गेली. मी तीन वेळा चहा पाठवला, तिसऱ्यांदा जरा टोमण्यानेच. मग तिने प्रेसच्या शेडीत जाऊन तिथली दोरी बदलली, मोठा प्रेस चालू ठेवायला सांगितला, आणि बसली. या वेळी लिंक गेली नाही. तेव्हा तिने ती काढलेली दोरी नखाएवढ्या भिंगाखाली धरली, बराच वेळ बघितली आणि मला हाक मारली. "काकू, बघा बरं." मी भिंगातून पाहिलं. काचेच्या त्या बारीक टोकावर लाल कण होते.

"हे कुंकू हाय की!" पवारमामाच ओरडले. मग सगळा उलगडा झाला. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं, सगळी यंत्रं पुजतो. प्रेसची पूजा झाल्यावर मामांच्या मनात आलं, आजकाल सगळा कारखाना या डब्यावर चालतो, त्याला कसं वगळायचं? त्यांनी कपाट उघडलं, फुलं वाहिली, आणि ड्रिलच्या टोकाला लावतो तसं त्या पिवळ्या दोरीच्या टोकाला, बाहेर ओढून, श्रद्धेने कुंकवाचं बोट टेकवलं. पुन्हा जागेवर खोचली. उजेड त्या कुंकवातून कसाबसा जायचा. मोठा प्रेस हादरला की दोरी केसभर हलायची आणि उजेड अडायचा. मामांचा प्रेसही खरा होता आणि मामांचं कुंकूही.

मामांचं तोंड एवढंसं झालं. मी तर बोलायला सज्जच होते. पण वैशाली त्यांना म्हणाली, "मामा, चूक नाही तुमची. ह्याच्या डोळ्यात गेलं, एवढंच. पुढच्या वर्षी कपाळाला लावा." आणि कपाटाच्या दारावर वरच्या बाजूला बोटाने गोल काढून दाखवला. पुढच्या खंडेनवमीला ती स्वतः हजर झाली. मामांनी दारावर कुंकू लावलं, आणि तिने त्या दाराला नमस्कार केला. दरवर्षी येत राहिली. तिचं म्हणणं असं की, देखरेखीच्या करारात हे धरलेलं आहे.

त्या पहिल्या दिवशी दोष सापडला, टोक साफ झालं, लेबलं सटासट निघायला लागली, तरी ती हलेना. संध्याकाळपर्यंत त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसून. "झालं ना आता? मग?" मी म्हटलं. ती म्हणाली, "काकू, चालू झालं म्हणजे बरं झालं असं नसतंय." हे वाक्य तेव्हा मला आगाऊ वाटलं होतं.

चाकणहून परतताना तळवड्यावरून जायचं झालं की ती आमच्याकडे थांबू लागली. हातात कधी चाकणच्या बाजारातल्या कांद्यांची पिशवी असायची, बहुतेक वेळा नुसताच वैताग. ट्रक, कंपन्यांच्या बसेस, खड्डे, सगळ्यांना लातूरच्या शिव्या देऊन झाल्या की मग शांत बसायची. मी तिला माझ्या गोष्टी सांगायचे. लग्नाआधी मी पिंपरीतल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. ज्याला ज्याच्याशी बोलायचं त्यांच्या भोकांत दोरीची टोकं खोचायची. त्या खुर्चीत बसून अख्खी कंपनी मीच चालवते असा माझा समज होता. दोन वेण्या, कानात मोठे डूल, आणि 'होल्ड द लाइन प्लीज' असं म्हणायचा आवाज एवढा नाटकी की स्वतःच ऐकत बसावं. एक साहेब फार उर्मट होता. त्याचा बाहेरगावचा फोन लागला की मधूनच मी त्याची दोरी जराशी सैल करायचे. तो बोंबलायचा, "हॅलो, हॅलो!" मी म्हणायचे, लाइन खराब आहे साहेब. वैशाली हे ऐकून पोट धरून हसली. "काकू, म्हणजे तुम्ही फॉल्ट शोधणाऱ्यातल्या नाहीत. तुम्हीच फॉल्ट!" पुढे तिच्या कुठल्याही कंपनीत कारण सापडेना की तिचा फोन यायचा, "काकू, खरं सांगा, आज तुम्ही इकडे येऊन गेलात का?"

मोठमोठ्या कारखान्यांत तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागायची. एकदा एका ठिकाणी उत्पादनाची लाइन थांबत होती, आणि वरचे साहेब म्हणाले, सगळे स्विच काढा, नवे घाला, विषय संपवा. तिने सांगितलं, "सर, सगळं एकदम बदललं तर चालू होईल. पण काय झालं होतं ते कुणालाच कळणार नाही, आणि ते परत येईल." त्यांनी विचारलं, मग कारण काय आहे? ही म्हणाली, "अजून मला माहीत नाही." भरल्या मीटिंगमध्ये. मला सांगताना तिच्या तोंडावर जराही लाज नव्हती. मी माझ्या आयुष्यात 'मला माहीत नाही' हे वाक्य उच्चारल्याचं मला आठवत नाही. मी काहीतरी ठोकून द्यायचे आणि मग ते खरं ठरवायला महिनाभर भांडायचे. ती म्हणायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग थांबायचं. मग बघायचं. तिची सगळी विद्या त्यात होती.

आणि त्यातच ती गेली... हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते टाळलं तर या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही.

गेल्या उन्हाळ्यात एकदा चहा पिता पिता तिने कप खाली ठेवला आणि छातीवर हात धरला. "काय झालं गं?" "काही नाही काकू. फडफडायलंय. जातंय लगेच." लिंक जाऊन-येऊन व्हायला लागली की ती लोकं त्याला फडफड म्हणतात. ती हसत होती. मी तिला तिथल्या तिथे फटकारलं, आणि संतोषने तिला डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम काढला, अगदी स्वच्छ. मग त्यांनी एक दिवसभर छातीला यंत्र बांधून दिलं, हृदयाचा ठोका न ठोका टिपणारं. ते यंत्र घेऊन ती कामावर गेली, जिने चढली, ट्रॅफिकमध्ये अडकली, मुद्दाम माझ्याशी फोनवर वाद घातला. हृदय शहाण्यासारखं वागलं. "माझ्या स्विचांसारखंच आहे, काकू," ती म्हणाली, "साहेब आले की गुपचूप." डॉक्टरांनी सांगितलं, जास्त दिवसांचं यंत्र लावू या, कधीतरी सापडेलच. ती म्हणाली, दिवाळीनंतर. चाकणचे कारखाने दिवाळीत बंद असतात आणि वर्षभराची सगळी जोडणी त्या सुट्टीत करावी लागते. तिची दिवाळी कायम शिडीवर.

तोपर्यंत तिने स्वतःच शोध सुरू केला. मला आधी कळलं नाही, ती चहा का नको म्हणते ते. चहा सोडून तिने दोन आठवडे थांबून बघितलं. फडफड होतीच. मग चहा पुन्हा धरला आणि शिळं, तिखट सोडलं. थांबली. बघितलं. मग ते पुन्हा धरलं आणि डाव्या कुशीवर झोपणं सोडलं. "एकेकच बदलायलेय काकू, नाहीतर कळायचं कसं?" मी म्हटलं, "अगं बये, तू काय केबल आहेस? सगळं एकदम सोड, आणि आज जाऊन ते यंत्र लाव!" ती म्हणाली, "तुमचं ते फोडून काढायचं कधी जाणार हो?" आणि गालगुच्चा घेऊन गेली. हिच्या पद्धतीने मी इतकी वर्षं भारावले होते. पण केबलीला घाई नसते. ती गेली, आली, पुन्हा गेली, तरी तिथेच असते, तुमची वाट बघत. हृदय तेवढं थांबत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळायला हवं होतं. मी मनातल्या मनात अजून तिच्याशी भांडते. ज्या शहाणपणाने तिने साऱ्या चाकणचे फॉल्ट काढले त्याच शहाणपणाने ती स्वतःच्या फॉल्टची वाट बघत बसली... दिवाळी झाली. यंत्र लावायचा दिवस ठरला होता. तो उजाडलाच नाही.

तेराव्याला कासारवाडीला गेले. घर माणसांनी भरलेलं. लातूरहून आलेली तिची आई भिंतीला टेकून बसलेली, कुणाकडे न बघता. संतोष मला बाजूला घेऊन म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय, असलं काही रक्तातून येऊ शकतं, मुलीलाही तपासून घ्या. मुलगी म्हणजे सई, अकरावीतली. ती आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती. मी तिच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला. कुणीतरी आत चहाचे कप आणले. मी तिला एक दिला, तिने तो न पिता खाली ठेवला. "घे की घोटभर." ती खूप हळू म्हणाली, "आजी, मी चहा सोडलाय." मला आधी समजलं नाही. मग समजलं. "कधीपासून होतंय गं तुला?" तिने कप आणखी लांब सारला. मग म्हणाली, "आईला सांगणार होते. आधी कारण शोधून मग सांगणार होते. आता बाबांना कसं सांगू?"

तोवर मी उठले होते. त्या भरल्या घरात, भटजी निघायचे होते, पानं वाढायची होती, मी संतोषला दंडाला धरून बाहेर आणलं आणि सांगितलं, उद्या सकाळी नाही, आत्ता फोन कर. लोकं बघत होती. बघू देत. माझी सगळी उतावीळ, भांडखोर, फोडून काढणारी पन्नाशी त्या दिवशी कामाला आली. त्या पन्नाशीतल्या बाईला मी इतकी वर्षं हसत आले, पण त्या दिवशी तिचाच हात धरला.

सईला जास्त दिवसांचं यंत्र लागलं. छातीला चिकटवलेलं, बोटभर, मध्ये बटण. जेव्हा होईल तेव्हा दाबायचं, आणि त्या वेळी काय करत होतीस ते सांगायचं, असं त्यांनी बजावलं. संतोषची शिफ्ट असते म्हणून कॉलेज सुटलं की ती माझ्याकडे येऊ लागली. दिवस गेले. काहीच होईना. मी रोज देवाला नमस्कार करताना काय मागत होते ते सांगायचीही भीती वाटते: होऊ दे, एकदा होऊ दे, यंत्र आहे तोवर होऊ दे... पुढे ते सापडलं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या सुरू केल्या, या गोळ्यांवर माणसं म्हातारी होतात असं म्हणाले, आणि संतोष त्यांच्या समोर टेबलावर डोकं ठेवून रडला. पण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ती त्याआधीची एक दुपार.

सई नुकतीच आली होती. मी मटार सोलत होते. ती समोर येऊन बसली आणि एकदम ताठ झाली. "आजी, होतंय." मी म्हटलं, "बटण!" तिने आधीच दाबलं होतं. मी तिचं मनगट धरलं. माझ्या बोटांखाली काहीतरी वेडंवाकडं पळत होतं, थबकत होतं, पुन्हा पळत होतं. घाबरायला हवं होतं तिने. ती मात्र मान तिरकी करून खोलीभर बघत होती, एकेक वस्तू, सावकाश.

"पंखा चालू आहे," ती म्हणाली. "मी जिना चढून आले. सकाळपासून काही खाल्लं नाही. आणि दारातच तू माझ्यावर ओरडलीस."

"मी ओरडले नाही."

"ओरडलीस, आजी. चपला कुठेही काढते म्हणून."

बोटांखालची धावपळ मंदावली, मग एका चालीत पडली. "थांबलं," ती म्हणाली. मी मनगट सोडलं नाही, तिनेही ते काढून घेतलं नाही. मटाराच्या शेंगा मांडीवरून खाली सांडल्या होत्या. ती दुसऱ्या हाताने एकेक उचलू लागली, आणि दर शेंगेनंतर थोडी थांबत होती.